प्रभूच्या इच्छेची रुजवात

छत्रपती संभाजीनगरच्या गारखेडा भागातील पुंडलिकनगर ही नोकरी-शिक्षणाच्या निमित्ताने शहरात येऊन स्थिरावलेल्या साध्या कुटुंबांची वसाहत असल्यामुळे, दहावी-बारावीच्या निकालांचा हंगाम आला म्हणजे येथील घराघरांतून एकच प्रश्न निरनिराळ्या स्वरांत ऐकू येऊ लागतो: आता पुढे काय? मुलाला पुण्यास पाठवावे की येथल्याच महाविद्यालयात नाव घालावे, वाळूजच्या कारखान्यात लाभलेली कायम नोकरी सोडून स्पर्धापरीक्षेच्या बेभरवशाच्या वाटेला लागावे की नाही, मुलीला चांगले स्थळ सांगून आले आहे तर तिचे शिक्षण पुरे होईपर्यंत थांबा अशी विनंती त्या मंडळींना करावी की करू नये, अशा प्रश्नांपुढे कोणी पत्रिका उलगडून बसतो, कोणी गजानन महाराजांच्या दर्शनाला जातो, तर कोणी वडीलधाऱ्यांचा शब्द प्रमाण मानून मोकळा होतो. याच गल्ल्यांतून विखुरलेल्या आणि रविवारी सकाळी छावणीतील चर्चची वाट धरणाऱ्या आम्हा ख्रिस्ती लोकांच्या घरी मात्र अशा वेळी ‘प्रभूची इच्छा काय आहे ते पाहू’ एवढे एक वाक्य उच्चारले जाते आणि प्रार्थनेला आरंभ होतो.

हे वाक्य उच्चारावयास सोपे आहे. परंतु प्रभूची इच्छा पाहावयाची म्हणजे नेमके काय करावयाचे, ती कळली हे कशावरून समजावयाचे, आणि एकाला कळलेल्या इच्छेची किंमत दुसऱ्याला मोजावी लागत असेल तर त्या दुसऱ्याला बोलण्याचा काही अधिकार आहे की नाही, याविषयी शेजारच्या हिंदू, बौद्ध किंवा मुसलमान बांधवांना तर सोडाच, पण आमच्याच मुलाबाळांनादेखील आम्ही फारसे कधी समजावून सांगितलेले नाही. परिणाम असा होतो की बाहेरच्यांना ती अंधश्रद्धेची ख्रिस्ती तऱ्हा वाटते, आणि आतल्या काहीजणांच्या हाती ती खरोखरच तशी होऊन बसते.

मराठी प्रॉटेस्टंट घरांतून वचनपेटीची एक चाल आहे. एका लहानशा पेटीत पवित्र शास्त्रातील एकेक वचन लिहिलेल्या चिठ्ठ्या असतात आणि नव्या वर्षाच्या आरंभी, किंवा काही अडचण उभी राहिली असता, प्रार्थना करून त्यांतील एक चिठ्ठी काढली जाते. ती काढण्यात मला काही गैर दिसत नाही; भ्यालेल्या मनाला एका ओळीने धीर आला तर तो कोणी हिरावून घेऊ नये. पण तीच चिठ्ठी नोकरीच्या राजीनाम्याचा हुकूम म्हणून वाचली जाऊ लागली, किंवा डोळे मिटून शास्त्र उघडावे आणि ज्या ओळीवर बोट पडेल ती ओळ मुलीच्या लग्नाचा निवाडा मानावी, असा प्रकार घडू लागला, की कोकणात आणि गोव्यात ग्रामदेवतेला पाकळ्या चिकटवून जो कौल लावला जातो त्याहून ही रीत वेगळी राहत नाही. कौलाची प्रथा ज्यांची आहे त्यांच्या श्रद्धेचा उपमर्द करण्याचा येथे हेतू नाही. ख्रिस्ती शास्त्राला ही वाट पुरेशी का वाटली नाही, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

शास्त्रात कौल नाही असे नव्हे. शास्त्यांच्या पुस्तकातील गिदोनाने खळ्यात लोकर पसरली आणि रात्रीच्या दहिवराने लोकर भिजून भोवतालची जमीन कोरडी राहावी अशी खूण मागितली. ती मिळाल्यावर दुसऱ्या रात्री नेमकी उलटी खूण मागून पुन्हा खात्री करून घेतली. पण ही कथा काळजीपूर्वक वाचणाराच्या ध्यानात येईल की काय करावयाचे ते गिदोनाला अगोदरच सांगितलेले होते. लोकर त्याच्या कचरणाऱ्या मनासाठी होती, आणि देवाने त्याची ती दुर्बलता सोसून घेतली. नव्या करारातही यहूदाच्या रिकाम्या जागी मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकून झाली आहे. मात्र ती पेंटेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या, आधीची गोष्ट आहे. पुढे जेव्हा यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांनी सुंता करून घ्यावी की नाही हा साऱ्या मंडळीच्या भवितव्याचा प्रश्न यरुशलेमेत उपस्थित झाला, तेव्हा कोणी चिठ्ठ्या टाकल्या नाहीत. पेत्र बोलला, बर्णबा आणि पौल यांनी आपला अनुभव मांडला, याकोबाने शास्त्राचा दाखला दिला, वादविवाद झाला, आणि मग जो निर्णय लेखी पाठविण्यात आला तो पवित्र आत्म्याचा व आपला असा दोघांचा म्हणून पाठविण्यात आला. हा जो ‘आपला’ आहे तो मला फार महत्त्वाचा वाटतो. देवाच्या नावाने घेतलेल्या निर्णयाखाली माणसाने आपलीही सही केली पाहिजे, जबाबदारी आकाशाकडे ढकलून देता कामा नये, अशी शिस्त पहिल्याच शतकात पडलेली होती.

ही शिस्त पुष्कळदा विसरली गेली. युरोपातील मोरेव्हियन मंडळीत अठराव्या शतकात विवाहदेखील चिठ्ठ्या टाकून ठरत. पुढे १८१८ साली त्यांच्याच धर्मसभेने सर्वसाधारण सभासदांवरचे हे बंधन काढून टाकले.

आणि ज्या पुरुषाने ईश्वरी मार्गदर्शनाचे जवळजवळ एक शास्त्रच रचले, त्या इग्नेशियस लोयोलाची सुरुवातही कौलानेच झाली होती. हा स्पेन देशाच्या उत्तरेकडील बास्क मुलखातला मानी सरदारपुत्र १५२१ साली पांप्लोनाच्या किल्ल्यात तोफेच्या गोळ्याने जायबंदी झाला आणि पाय मोडून कित्येक महिने घरी पडून राहिला. त्याला वीरांच्या अद्‌भुत कादंबऱ्या हव्या होत्या, परंतु घरात सापडले ते ख्रिस्ताचे चरित्र आणि संतांच्या कथा. पडल्या पडल्या तो कधी एखाद्या थोर कुळातील स्त्रीची मर्जी संपादन करण्याची स्वप्ने रंगवी, तर कधी संतांसारखे सर्वस्व सोडून अनवाणी निघण्याची. दोन्ही स्वप्ने तेवढीच गोड लागत, पण पहिले ओसरल्यावर मन शुष्क व असंतुष्ट राही आणि दुसरे ओसरल्यावरही प्रसन्नता रेंगाळे. हा फरक त्याने टिपून ठेवला. तरीही घर सोडून निघाल्यावर वाटेत एका मूर मुसलमानाने मरियेविषयी काही उणे बोलल्याचा राग मनात घेऊन, त्याचा पाठलाग करून त्याला भोसकावे की सोडून द्यावे याचा निर्णय ह्या नवभक्ताने आपल्या खेचरावर सोपविला: लगाम सैल केला, आणि फाट्यावर खेचर त्या माणसाच्या गावाकडे वळले तर मारावयाचे असे ठरविले. खेचराने दुसरी वाट धरली. एका निरपराध माणसाचा जीव जनावराच्या पावलावर टांगून ठेवणारी ती भक्ती किती कच्ची होती हे उमजल्यामुळेच की काय, म्हातारपणी आपली हकीकत सांगताना इग्नेशियसने हा प्रसंग लपविला नाही.

१५४८ साली पोपच्या संमतीने प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात खेचराला कोठेही जागा नाही. तेथे पहिली अट अशी आहे की निर्णयाला बसण्यापूर्वी मनाचा काटा मधोमध आणावा. श्रीमंती-गरिबी, मान-अवमान, दीर्घायुष्य-अल्पायुष्य यांपैकी कशाकडेही आधीच कललेला माणूस देवाला विचारण्याचे केवळ निमित्त करतो आणि उत्तर आपलेच ऐकतो. दुसरी गोष्ट, मन उदास, अंधारलेले आणि प्रार्थनेत नीरस झालेले असता पूर्वीचा निश्चय कधीही बदलू नये. त्या काळात जे सुचते ते बहुधा चुकीच्या सल्लागाराकडून आलेले असते. याखेरीज त्याने काही व्यावहारिक उपाय सांगितले आहेत: ज्याला कधी पाहिले नाही अशा परक्या माणसाने हाच प्रश्न आपल्यापुढे आणला तर त्याला आपण काय सांगू, ते स्वतःला सांगावे, आपण मृत्युशय्येवर आहो अशी कल्पना करून त्या वेळी कोणता निर्णय घेतलेला बरा वाटेल ते पाहावे, दोन्ही बाजूंचे लाभ आणि हानी बुद्धीने तोलून पाहावे, आणि एवढे झाल्यावर झालेला निर्णय प्रार्थनेत देवापुढे ठेवून त्यावर शांती उतरते की नाही याची वाट पाहावी. आपल्या संघाच्या चर्चना ठराविक उत्पन्न असावे की नसावे, एवढ्या एका प्रश्नावर त्याने १५४४ साली दिवसामागून दिवस प्रार्थना करून मनाच्या हालचाली रोजनिशीत लिहून ठेवल्या आहेत. बुद्धी, भावना, शास्त्र आणि वडीलधाऱ्यांचा सल्ला हे चार वेगवेगळे कागद मानून, जुन्या मुनीमाने जमाखर्चाची रुजवात घालावी तसे ते एकमेकांशी ताडून पाहणे, ही ख्रिस्ती परंपरेची खरी रीत आहे. आणि ज्याला रुजवातीची घाई असह्य होते त्याचा देवावरचा विश्वास मोठा नसून स्वतःच्या लहरीवरचा विश्वास मोठा असतो.

या रीतीची कठोर परीक्षा महाराष्ट्रात ज्यांच्या आयुष्यात झाली त्यांत पंडिता रमाबाईंचे स्थान पहिले. १८८३ सालच्या सप्टेंबरात इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्या पंचवीस वर्षांच्या विधवा होत्या. आईबाप दुष्काळात गेलेले, भाऊ आणि पती यांचाही वियोग झालेला. ज्या भगिनींच्या आश्रमात त्या राहत होत्या त्यांचे उपकार मोठे होते, आणि भगिनींची अपेक्षा अशी होती की या नव्या कन्येने धर्मतत्त्वांच्या बाबतीत चर्चच्या वडिलांचा शब्द मुकाट्याने मान्य करावा. रमाबाईंनी ते केले नाही. जे स्वतःच्या विवेकबुद्धीला पटेल तेच आपण स्वीकारू, पुरोहितवर्गाचे एक जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरविले आहे ते दुसऱ्या नावाने पुन्हा चढवून घेणार नाही, असा त्यांचा पत्रांतून व्यक्त होणारा आशय आहे. आश्रमातील सिस्टर जेराल्डिन यांनी जपून ठेवलेला हा पत्रव्यवहार १९७७ साली मुंबईत प्रसिद्ध झाला, आणि विश्वास व आज्ञापालन यांच्यातील अंतर ज्याला समजून घ्यावयाचे असेल त्याने तो अवश्य वाचावा. इंग्रज पुरुषांना शिकविण्याचे काम रमाबाईंना मिळू पाहत होते. हिंदुस्थानातील बिशपांनी, स्त्रीने पुरुषांना शिकविल्यास स्वदेशी तिची अप्रतिष्ठा होईल, या कारणास्तव त्याला हरकत घेतली. ज्या वडिलांनी लोकापवाद सोसून पत्नीला संस्कृत शिकविले, त्यांची लेक अशा हरकतीपुढे कशी नमणार? १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या, त्याही वाँटेजच्या भगिनींची इच्छा बाजूस सारून. आणि त्या प्रवासातूनच जो आधार उभा राहिला त्याच्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले गेले.

रमाबाई स्वतःच्या मनाचे ऐकत होत्या की देवाचे, असा प्रश्न येथे कोणी विचारील, आणि तो विचारलाही पाहिजे. माझ्या मते उत्तर त्यांच्या पुढील वागणुकीत आहे. अमेरिकेतील मदतीची मुदत दहा वर्षांची होती हे ध्यानात ठेवून, ती मुदत संपण्याच्या पुष्कळ आधी त्यांनी पुण्याजवळ केडगाव येथे शेतजमीन घेऊन फळबाग लावण्याची आणि विहिरी खोदण्याची तजवीज केली. देव पुरवील हा भरवसा आणि जमाखर्चाची वही या दोन गोष्टी त्यांच्या घरी एकाच वेळी नांदत होत्या. १८९६-९७ च्या दुष्काळाच्या वार्ता मध्य प्रांतातून आल्या, तेव्हा दुष्काळात आईबाप गमावलेल्या या बाईने तेथे जाऊन सुमारे ३०० मुली व विधवा आणल्या, आणि त्यांच्यासाठी केडगावच्या त्या शेतावर ‘मुक्ती’ उभी राहिली. स्वतःच्या लहरीचे देवाज्ञेत रूपांतर करणारा माणूस सहसा स्वतःला सोयीचे तेच ऐकतो. रमाबाईंना ऐकू आलेल्या आज्ञेने त्यांच्या अंगावर शेकडो मुलींच्या भाकरीचे ओझे आणून टाकले. तिची किंमतही त्यांनी मोजली: शारदासदनातील धर्मविषयक वादात १८९३ साली रानडे व भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले, अनेक मुली काढून नेल्या गेल्या, आणि पुणे त्यांना दीर्घकाळ परके झाले.

आमच्या मराठवाड्यातले उदाहरण याहून जुने आहे. मुंबईत १८४३ साली बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री हे देशस्थ ब्राह्मण पुढे पाळक झाले; त्यांचा लहान भाऊ श्रीपत हाही त्या वाटेला लागताच तो अल्पवयीन असल्याकारणाने प्रकरण न्यायालयात गेले, न्यायालयाने मुलाला आईबापांच्या हवाली केले, आणि त्याला जातीत परत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकर यांनी जी खटपट केली तिने सारी मुंबई ढवळून निघाली. मुंबईच्या सुशिक्षित वर्गात प्रवचने देत सुखाने राहता आले असते, तो मार्ग सोडून शेषाद्री १८६३ च्या सुमारास निजामाच्या मुलखात जालन्यास आले, आणि मांग-महारांच्या वस्त्यांतून काम करू लागले. दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल नावाचे गाव वसविले. जन्माने मिळालेला मान ज्या निर्णयाने उणा होतो आणि ज्यांना मान नाही त्यांचा वाढतो, त्या निर्णयात प्रभूची इच्छा शोधण्यास चांगली जागा आहे असे मला वाटते. छत्रपती संभाजीनगरात १९५० साली महाविद्यालय काढणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा १९३५ साली येवल्यास केली आणि दीक्षा १९५६ साली नागपुरास घेतली. मार्ग वेगळा, धर्म वेगळा, परंतु लाखो लोकांच्या जीवनाला भिडणारा निर्णय एकवीस वर्षे तपासून पाहण्याची ती धीरगंभीर वृत्ती कोणत्याही श्रद्धावंताने मनात साठवावी अशी आहे.

तपासून पाहण्याचा हा धीर रेव्हरंड नारायण वामन टिळकांना होता का? १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि ते दोन वर्षांत ख्रिस्ती होतील असे भाकीत केले. डोंगरावरील प्रवचनाने कवी भारावला, मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार झाला, शंका विचारल्या गेल्या, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा झाला. तेव्हा स्वतःपुरते त्यांनी पुष्कळ तपासले होते. शास्त्राचा कागद ताडला होता, बुद्धीचा ताडला होता, अंतःकरणाचा तर ताडला होताच. पुढे आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. परंतु एका माणसाचा कागद रुजवातीला आलाच नाही. पत्नी लक्ष्मीबाईंच्या कानी बातमी गेली तेव्हा निर्णय होऊन गेलेला होता.

त्या काळी धर्मांतरित पुरुषाच्या पत्नीपुढे दोनच वाटा होत्या आणि दोन्ही काटेरी होत्या. नवऱ्याकडे जावे तर जात, माहेर, देवघर सारे तुटते. न जावे तर नवरा जिवंत असता लोकांच्या दयेवर राहावे लागते. लक्ष्मीबाईंनी लहानग्या मुलाला, दत्तूला, उराशी धरून नातेवाइकांच्या आश्रयाने पंढरपुरात दिवस काढले. ज्या क्षेत्रात पुंडलिकाची कथा घाटाघाटावर सांगितली जाते, दारी उभ्या राहिलेल्या देवाला विटेवर थांबवून ज्याने घरच्या माणसांची सेवा आधी पुरी केली त्याचे देऊळ जेथे चंद्रभागेच्या पात्रात उभे आहे, तेथे ही बाई देवासाठी घर सोडून गेलेल्या पतीची वाट पाहत राहिली, हे मनात आले म्हणजे टिळकांवर माझे अतोनात प्रेम असूनही त्यांच्या बाजूने उत्तर देणे मला कठीण होते. ख्रिस्ताने आपल्यामागे येणाऱ्यांना घरादाराविषयी कठीण शब्द सांगितले आहेत, हे खरे. पण त्यानेच वधस्तंभावरून आपल्या आईची सोय लावून दिली, हेही तितकेच खरे आहे, आणि पहिले आठवताना दुसरे विसरणे हा आम्हा उत्साही माणसांचा जुना दोष आहे. आजही एखादा तरुण ‘मला प्रभूने सांगितले’ एवढ्या एका आधारावर नोकरी सोडतो आणि मुलाच्या शाळेची फी भरणारी त्याची पत्नी ती गोष्ट मागाहून ऐकते. एखादा बाप ‘प्रार्थनेत हेच स्थळ दाखविले गेले’ असे म्हणून मुलीचे तोंड बंद करतो. एखाद्या आजाऱ्याला औषध सोडणे हेच विश्वासाचे लक्षण म्हणून सांगितले जाते. ज्याच्या अंगावर निर्णयाचा भार पडावयाचा त्याला प्रार्थनेच्या खोलीबाहेर ठेवून मिळालेले मार्गदर्शन मी तरी मार्गदर्शन मानावयास तयार नाही.

लक्ष्मीबाई पुढे पतीकडे परत आल्या, पण ख्रिस्ती झाल्या नाहीत. कडक सोवळ्याच्या घरात वाढलेल्या या बाईने ख्रिस्ती नवऱ्याच्या घरी आपली चूल आणि पाणी वेगळे ठेवले, आणि टिळकांनी, निर्णयाच्या वेळी जो धीर दाखविला नव्हता तो आता दाखवून, ते सारे सांभाळले. तिच्यावर सक्ती केली नाही. एके दिवशी राहुरीच्या मुक्कामात, कोणी उपदेश करीत नसता, तिच्या स्वतःच्याच मनात प्रश्न उभा राहिला की जाती देवाने केल्या की माणसांनी. जन्म, मरण, हाड, मांस सर्वांचे सारखे दिसत असता हा भेद कोणी घातला? उत्तर आतून आले, आणि तिने त्या क्षणापासून कोणाच्याही हातचे खाण्याचा निश्चय केला. बाप्तिस्मा मात्र १९०० साली झाला, पतीच्या बाप्तिस्म्यानंतर पाच वर्षांनी. म्हणजे दुष्काळाच्या भीषण दिवसांत, भुकेलेली आणि पोरकी मुले मिशनच्या आवारात येत असता.

टिळकांच्या निर्णयाला गाडीतल्या भाकिताची, काव्याची आणि विद्वत्तेची जोड होती. लक्ष्मीबाईंच्या निर्णयाला स्वयंपाकघरातील अनुभवाची होती, आणि तो घेताना तिने कोणालाही मागे टाकले नाही. टिळक १९१९ साली वारले. त्यांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य तिने पुढे नेले, आणि मुलाच्या आग्रहावरून आपल्या आठवणी सांगितल्या. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त तिने पतीचा तो निर्णय, त्यामुळे झालेली आपली होरपळ आणि त्यातूनही न सुटलेले प्रेम हे सारे इतक्या निर्मळपणे मांडले आहे की पती चुकला असे ती म्हणत नाही आणि आपल्याला दुःख झाले नाही असेही म्हणत नाही. आमच्या मंडळ्यांतून लग्नाआधी वधूवरांना पाळकसाहेब जो उपदेश करतात, त्याच्या जोडीला या पुस्तकातील बाप्तिस्म्याचे आणि पंढरपूरचे प्रकरण दोघांनी एकत्र बसून वाचावे असे मी ओळखीच्या प्रत्येक तरुण जोडप्याला सांगत असतो.